पकड मोजायची कशी

"चिपच बसवा साहेब," माझा भाऊ म्हणाला, आणि तेही त्याला कोणी विचारलेलं नसताना. "हिची कॉइल म्हणजे किरकिरं पोर आहे. आधी तिची समजूत काढायची, मग प्लेट उचलायची. दिवसभर आम्ही हेच करत बसायचं का?"

शेडमधले सगळे हसले. मीही हसले, कारण तोंड पाडून आणखी शोभा करून घ्यायची नव्हती. पण आतून मी नुसती धुमसत होते. घरचाच माणूस चारचौघांत असे पाय ओढायला लागला, की बाहेरच्यांना काय बोलणार?

आमचं काम पोलादाच्या प्लेटा हलवण्याचं. प्लेट म्हणजे जेवायची नव्हे. खोलीभर लांब, बोटभर जाड, आणि एकेकीचं वजन दोन मोटारींएवढं. छपराखाली रुळांवर क्रेन फिरते आणि तिच्या तारांना एक भला थोरला विजेचा मॅग्नेट लटकलेला असतो. तो प्लेटेवर टेकवायचा, वीज सोडायची, प्लेट चिकटली की उचलून दुसऱ्या थप्पीवर न्यायची. क्रेनवाला वर केबिनमध्ये बसतो. त्याला खालचं नीट दिसत नाही, म्हणून खाली एक सिग्नलवाला लागतो. तो हातांनी खुणा करतो आणि मॅग्नेटला बांधलेली दोरी धरून प्लेटेला गिरकी घेऊ देत नाही. आमच्या शेडचा सिग्नलवाला म्हणजे माझा दादा. मी चाचणी विभागाची प्रमुख. चाचणी विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक पाय मोडकी खुर्ची.

गेल्या हिवाळ्यात बाजूच्या शेडमध्ये एक प्लेट हवेतच सुटली. नशिबाने खाली कोणी नव्हतं. मजा अशी, की वीज पूर्ण चालू होती. तिथला काटा सांगत होता, सगळं झकास आहे. तेव्हा साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला, की वीज मोजून भागत नाही, चुंबकाची पकड मोजायला हवी. ती कशाने मोजायची हे ठरवायचं काम आलं माझ्या गळ्यात.

विकणारे रांगेत उभेच असतात. एकाने तर प्रयोगशाळेतलं यंत्र आणलं, अणूच्या गाभ्याचा ताल ऐकून चुंबकाची ताकद सांगणारं. इतकं अचूक, की मीच हरखून गेले. पण त्याला सगळीकडे एकसारखं, शांत चुंबक लागतं. आमच्याकडे धडाधड आपटणारं लोखंड. त्याला चहा पाजून परत पाठवलं.

उरल्या दोन गोष्टी. एक म्हणजे चिप. नखाएवढी. तिच्यातून चुंबकाचा जोर गेला की ती तेवढी वीज दाखवते. मॅग्नेट चालू असेतोवर आकडा जागचा हलत नाही, आणि तो ठरलेल्या मर्यादेच्या वर असला की हिरवा दिवा लागतो. दिसायला देखणी, बसवायला सोपी. फक्त तिला मॅग्नेटच्या तळाला लावता येत नव्हतं, कारण तिथे प्लेट आपटून तिचा भुगा झाला असता. म्हणून ती बसवली होती मॅग्नेटच्या कुशीत, त्याच्या दोन लोखंडी पायांच्या मधल्या फटीत.

दुसरी कॉइल. मॅग्नेटच्या एका पायाभोवती खोबणीत गुंडाळलेली तांब्याची तार. पायातून जाणारं चुंबक कमीजास्त झालं की तारेत वीज उमटते आणि खालचा आकडे दाखवणारा डबा त्याची बेरीज करत राहतो. खोट एवढीच, की बेरीज करता करता तो चुकाही साठवतो. काही न घडताही आकडा मुंगीच्या पावलाने वर चढत जातो. म्हणून प्रत्येक प्लेटेच्या आधी, मॅग्नेट बंद असताना, तो शून्यावर आणावा लागतो. दादाचं किरकिरं पोर ते हेच.

त्या दिवशी एकाच मॅग्नेटवर दोन्ही लावून चाचणी होती. दोन्हींचे डबे माझ्या टेबलावर, फरशीवर धोक्याची हद्द दाखवणाऱ्या पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर. जेवणाच्या सुट्टीआधी साहेब एकावर बोट ठेवणार होते, आणि मग यार्डातल्या सगळ्या मॅग्नेटना तेच लागणार होतं. दादासकट खाली उभी राहणारी सगळी माणसं त्याच्याच भरवशावर काम करणार होती.

सकाळपासून चिपने कोणाला नाव ठेवायला जागा दिली नव्हती. मॅग्नेट रिकामा चालू केला की शहाण्णव. चांगली सपाट प्लेट उचलली की बावन्न. चाळीसच्या वर सगळं हिरवं. प्लेट लागली की आकडा कमी का होतो, हे मी चिप बसवणाऱ्या फिटरला पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"प्लेट चुंबक खाते ना मॅडम," तो म्हणाला होता. "पोटात गेलं, तेवढं बाहेर कमी झालं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. ऐकायला बरं वाटत होतं, आणि बरं वाटणाऱ्या गोष्टीला माणूस दुसरा प्रश्न विचारत नाही. तरी माझ्या मनातून ते जात नव्हतं, आणि कॉइलचा हट्टही सुटत नव्हता. का, ते मला शब्दांत सांगता येत नव्हतं. चाचणी विभागाच्या प्रमुखाला 'मला असं वाटतं' म्हणायची सोय नसते.

चहाच्या वेळी मी दादाला भिंतीकडे ओढलं.

"तुला गप्प बसवत नव्हतं का?"

"अगं, बोललो नसतो तर काय झालं असतं? म्हणाले असते, बहिणीची बाजू घेतो. सतरा वर्षं झाली मला इथे, अजून कोणाला बोट दाखवू दिलेलं नाही."

"म्हणून माझ्याच विरोधात?"

"तसं नाही गं." तो कपात बघत म्हणाला. "तू शून्य करत बसतेस तोवर दोरी ताणून उभं राहावं लागतं. गुडघे बोलतात माझे. तुझी वहिनी रोज तेल चोळते, तिला विचार. आणि चिपमध्ये वाईट काय आहे, ते तरी सांग."

तेच मला सांगता येत नव्हतं. "जा," मी म्हणाले, "उभा राहा जाऊन." तो हसत गेला. जाताना माझ्या डोक्यावर टपली मारायला विसरला नाही. आता माझे केस पिकायला लागलेत, तरी ही सवय जात नाही.

सुट्टीला थोडा वेळ राहिला तेव्हा साहेबांनी घड्याळ बघितलं. "एक शेवटची वाकडी प्लेट घ्या. रंगवलेली, जुनी. तिच्यावर काय म्हणतात बघू. मग संपवून टाकू."

वाकडी प्लेट थप्पीच्या वरच होती. मध्ये किंचित पोक आलेली, जुन्या रंगाचे पापुद्रे सुटलेले. मी कॉइल शून्यावर आणली. दादाने दोरी ताणून धरली आणि माझ्याकडे बघून मोठ्ठी जांभई दिली, सगळ्यांना दिसेल अशी. पुन्हा हशा. मॅग्नेट टेकला, वीज आली, आणि प्लेट उचलली गेली.

कॉइलने दाखवलं, शंभरपैकी शेहेचाळीस. चांगल्या प्लेटांना ती पंच्याऐंशीच्या पुढे जात होती.

चिपने दाखवलं, एकाहत्तर. हिरवा.

"वा!" साहेब म्हणाले. "सपाट प्लेटेपेक्षा जास्त! आणि तुमची कॉइल बघा, पुन्हा रडायला लागली."

मी आत्ताच तिला शून्यावर आणलं होतं. एवढ्यात ती इतकी बिघडणार नव्हती. शिवाय ती बिघडली की आकडा वर चढतो, खाली येत नाही. दुसरीकडे चिपचा आकडा वाढलेला. वाकड्या, रंग चढलेल्या, मध्ये फट राहिलेल्या प्लेटेवर पकड जास्त कशी असेल? फिटरच्या भाषेत बोलायचं तर या प्लेटेने चुंबक कमी खाल्लं होतं. मग उरलेलं गेलं कुठे?

बाजूने. पायापायांच्या मधून, कुशीतून, हवेत. आणि चिप तिथेच बसली होती.

चिप पकड मोजतच नव्हती. जे पकडीतून निसटत होतं ते ती मोजत होती. पकड जितकी ढिली, तितका तिचा आकडा मोठा. रिकाम्या मॅग्नेटला शहाण्णव येत होते ते याचसाठी. सकाळपासून हे आमच्या डोळ्यांसमोर होतं आणि आम्ही माना डोलावत होतो.

मी वर बघितलं. प्लेट डोक्याच्या वर गेली होती आणि दोन थप्प्यांमधल्या बोळातून पुढे सरकत होती. दादा मागच्या टोकाला दोरी धरून चालत होता. एरवी प्लेट सुटली तरी आडवी पडते, दोरीवाला लांब असतो. पण ही वाकडी. ही एका टोकाने आधी सुटणार आणि घसरगुंडीवरून यावी तशी मागे येणार. त्या बोळात पळायला जागा नाही. दोन्हीकडे छातीएवढ्या थप्प्या.

मी ओरडले. बाजूला प्लेटा कापायचं यंत्र कर्कश किंचाळत होतं. दादाच्या कानांवर ते मोठे कानटोप होते, त्यात फक्त क्रेनवाल्याचा आवाज येतो. मी हात हलवले. दादाने बघितलं, आणि जीभ काढून दाखवली.

आमच्याकडे नियम सरळ आहे. क्रेनवाला एकट्या सिग्नलवाल्याचं ऐकतो. फक्त 'थांब' ही खूण कोणीही करावी, ती तो मानतो. दोन्ही हात वर केले की क्रेन जागच्या जागी उभी. माझे हात वर जायला निघालेच होते. मीच ते खाली दाबले. क्रेन एकदम थांबली की प्लेटेला हिसका बसतो, आणि शेहेचाळीसवर लटकलेली प्लेट हिसका सोसणार नाही. मी 'थांब' म्हटलं, तर ती मी स्वतःच्या हाताने दादावर सोडल्यासारखं होतं.

प्लेट हलायची थांबायला नको होती. दादा तिथून निघायला हवा होता.

"मॅडम, काय झालं?" साहेब विचारत होते. त्यांना समजावत बसायला वेळ नव्हता.

आणखी एक नियम आहे. वजन हवेत असताना पिवळ्या पट्ट्याच्या आत कोणी शिरलं, तर सिग्नलवाल्याने आधी थांबायची खूण करायची आणि मग त्या माणसाला बाहेर काढायचं. आधी खूण, मग माणूस. दादा नवीन पोरांना हेच शिकवतो. घोकून घेतो. म्हणजे मी नुसती आत शिरले, तर तो हात वर करणार, क्रेन थांबणार, आणि सगळं संपणार. दादाने नियम मोडला तरच दादा वाचणार होता. आणि सतरा वर्षांत त्याने नियम मोडला नव्हता.

त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही. थप्प्यांच्या बाहेरून मी धावत बोळाच्या पुढच्या टोकाला गेले, जिथे थप्प्या संपतात आणि प्लेट पोचायला अजून अवकाश होता. पट्टा ओलांडून आत शिरले. दादाची नजर माझ्यावर पडेपर्यंत थांबले. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं मला दिसलं. आणि मी पाय मुडपल्यासारखी कोसळले. अगदी सपशेल. डोकं फरशीवर आपटलं ते मात्र खरंखुरं.

आडवं पडल्यावर मला फक्त त्याचे बूट दिसत होते. ते थांबले. जीव मुठीत धरणं म्हणतात ते काय असतं, ते मला तिथे कळलं. बूट थांबलेले म्हणजे तो विचार करत होता. विचार केला तर हात वर जाणार. नको रे, मी मनात म्हणत होते, नको, नको, दादा, विचार नको करूस.

मग बूट धावायला लागले.

दोरी त्याच्या हातातून सुटली. तो प्लेटेच्या खालून, बरोबर तिच्या खालून, दुखऱ्या गुडघ्यांनी धावत आला. नवीन पोराने असं केलं असतं तर त्याने त्याला दोन दिवस घरी बसवलं असतं. त्याने माझ्या काखेत हात घातले आणि मला फरफटत पट्ट्याच्या बाहेर ओढलं. तोंडाने एकसारखं काहीतरी बोलत होता, काय ते मला ऐकू येत नव्हतं.

आपला सिग्नलवाला दोरी टाकून पळतो म्हटल्यावर कुठला क्रेनवाला क्रेन चालू ठेवेल? त्याने ब्रेक मारला.

प्लेट सुटली. पुढचं टोक क्षणभर चिकटून राहिलं, मागचं आधी खाली आलं आणि सगळी प्लेट मागे सरकत गेली. आवाज असा झाला, की छपरावरची धूळ खाली आली. कापायचं यंत्र कोणीतरी बंद केलं. मग शेडमध्ये इतकी शांतता झाली, की वर मॅग्नेटची गुणगुण ऐकू यायला लागली. तो अजून चालू होता.

साहेब टेबलापाशीच उभे होते. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. ते डब्याकडे बघत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "चिप अजून हिरवीच आहे."

"आकडा वाचा."

"शहाण्णव."

"आणि मॅग्नेटला काय चिकटलंय?"

त्यांनी वर बघितलं. मग खाली बघितलं. मग पुन्हा वर. दिवसभरातला सगळ्यात मोठा आकडा होता तो, आणि मॅग्नेटला एक खिळासुद्धा चिकटलेला नव्हता. पलीकडच्या डब्यात कॉइल बारावर येऊन बसली होती. साहेबांनी कपाळाचा घाम पुसला आणि हळू आवाजात विचारलं, कॉइल सगळ्या मॅग्नेटना बसवायला किती वेळ लागेल. मी म्हणाले, नंतर सांगते.

दादा माझ्याजवळ फरशीवर बसला होता. त्याने कानटोप काढले होते. माझ्या डोक्याला टेंगूळ आलं होतं, ते तो अंगठ्याने चाचपून बघत होता.

"चक्कर आली का? सकाळी खाल्लं होतंस ना?"

"मी पडले नव्हते दादा."

"म्हणजे?"

"मुद्दाम पडले. तू तिथून निघावास म्हणून."

त्याने बोळाकडे बघितलं. मॅग्नेटपासून निघालेली दोरी ताणलेली होती आणि तिचं टोक प्लेटेखाली गेलं होतं. त्याचं डोकं हळूहळू चालतं, पण पोचतं.

"मी थांबायची खूण केली नाही," तो म्हणाला. त्यालाच ते नवीन होतं. "माझ्या लक्षातच आलं नाही. तू पडलीस आणि मला दुसरं काही दिसलंच नाही."

"हो."

"आणि केली असती तर? नियमाप्रमाणे, आधी खूण?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्याच्यासमोर मला कधी खोटं जमलेलं नाही.

"तर ती तुझ्या अंगावर आली असती."

"तुला हे माहीत होतं."

"होतं."

"आणि तरी पडलीस. एवढी खात्री होती तुला माझी?"

"नव्हती दादा," मी म्हणाले. "अजिबात नव्हती." आणि मग सगळ्या शेडसमोर, साहेबांसमोर, मला रडू फुटलं. दादाने त्याचे धुळीचे, तेलकट हात माझ्या तोंडावर फिरवले आणि तोही रडायला लागला. या वेळी मात्र कोणी हसलं नाही.